डोना समरचा 'आय रिमेंबर यस्टरडे' (१९७७): कोणत्या देशाचे प्रेसिंग (छापलेली प्रत), ओळखायचे कसे आणि घ्यायचे कोणते?

खोबण

अमेरिकन डिस्को गायिका डोना समरच्या या अल्बमबद्दल इथे तुकड्या-तुकड्यांत बरेच लिहिले गेले आहे. सगळे एका जागी यावे म्हणून हा धागा.

आधी अल्बमची ओळख. मे १९७७ मध्ये आला. निर्माते जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट, काम म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओतले. कल्पना अशी की एकेक गाणे एकेका काळाचा बाज घेऊन येते. शीर्षकगीत चाळिशीच्या दशकातल्या स्विंगचे, 'लव्ह्ज अनकाइंड' आणि 'बॅक इन लव्ह अगेन' साठीच्या दशकातल्या मुलींच्या गायनगटांच्या धर्तीवर, दुसऱ्या बाजूला सत्तरीतले फंक आणि सोल, आणि सर्वांत शेवटी भविष्यकाळ म्हणून 'आय फील लव्ह'. हे गाणे शेवटी असण्याचा रेकॉर्डच्या आवाजाशी थेट संबंध आहे, तो पुढे येईलच.

देशागणिक लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, वेगळे आहे. अमेरिकेत कॅसाब्लँका, क्रमांक एनबीएलपी ७०५६. ब्रिटनमध्ये जीटीओ, क्रमांक जीटीएलपी ०२५. पश्चिम जर्मनीत अटलांटिक, नेदरलँड्समध्ये ग्रूव्ही, इटलीत ड्युरियम, जपानमध्ये व्हिक्टरने काढलेले कॅसाब्लँका. कारण सरळ आहे. गाणी म्युनिकमध्ये तयार व्हायची आणि प्रत्येक देशाचे हक्क तिथल्या वेगवेगळ्या कंपनीला दिले जायचे. कॅसाब्लँकाकडे अमेरिका होती, जग नव्हते. त्यामुळे 'मूळ प्रत कुठली?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. त्या-त्या देशातली पहिली प्रत ही त्या देशापुरती मूळ.

बाकीच्यांनी भर घालावी.

अनघा_द

छान सुरुवात. एक शंका. ब्रिटनमध्ये तिच्या काही रेकॉर्ड जीटीओच्या आणि काही कॅसाब्लँकाच्या दिसतात, आणि दोन्हींवर साल १९७७च. त्यातली एक नंतरची आवृत्ती समजायची का?

तेहतीस_एकतृतीयांश

नाही, दोन्ही त्याच वेळच्या आहेत. ब्रिटनमध्ये १९७७ च्या उत्तरार्धात तिच्या रेकॉर्ड दोन कंपन्या एकाच वेळी विकत होत्या.

'आय रिमेंबर यस्टरडे'पर्यंतचे अल्बम जीटीओकडे होते. 'लव्ह टू लव्ह यू बेबी' (जीटीएलपी ००८), 'अ लव्ह ट्रिलॉजी' (०१०), 'फोर सीझन्स ऑफ लव्ह' (०१८) आणि हा ०२५. त्यानंतरचे नवे काम कॅसाब्लँकाने ब्रिटनमध्येही स्वतःच्या नावाने काढायला घेतले. 'द डीप' या चित्रपटाचे गाणे आणि 'वन्स अपॉन अ टाइम' हा दुहेरी अल्बम कॅसाब्लँकाचा. पण जुन्या अल्बमांचे हक्क जीटीओकडे राहिले होते आणि 'आय फील लव्ह' जुलै १९७७ पासून ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. इतके चालणारे नाव हाताशी असताना जीटीओ गप्प बसणार नव्हती. त्यांनी याच अल्बममधून 'लव्ह्ज अनकाइंड' सिंगल (एकेका गाण्याची वेगळी रेकॉर्ड) म्हणून काढले आणि ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. मग 'बॅक इन लव्ह अगेन' काढले. वर्षाअखेरीस जुन्या गाण्यांचा एक संग्रहही आणला. तिकडे कॅसाब्लँका 'वन्स अपॉन अ टाइम'मधले 'आय लव्ह यू' विकत होती.

म्हणून ब्रिटिश संग्रह करताना सालापेक्षा 'कोणत्या अल्बमचे गाणे' हे पाहावे. 'आय रिमेंबर यस्टरडे'पर्यंतच्या अल्बमांतले असेल तर जीटीओ, पुढचे असेल तर कॅसाब्लँका. 'आय फील लव्ह'चे ब्रिटिश सिंगल जीटी १०० या क्रमांकाचे आहे.

खोबण

याला जोडून अमेरिकेचेही सांगतो. तिथे सुरुवातीला 'कान्ट वी जस्ट सिट डाउन' हे संथ गाणे सिंगलची मुख्य बाजू होते आणि 'आय फील लव्ह' मागच्या बाजूला. संथ गाणे फारसे चालले नाही, डिस्कोथेकवाले मागची बाजू वाजवत राहिले, आणि मग 'आय फील लव्ह' मुख्य बाजू करून पुढे आणले गेले. ते अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर गेले. 'लव्ह्ज अनकाइंड' मात्र तिथे सिंगल म्हणून आलेच नाही. म्हणजे ब्रिटिश श्रोत्यासाठी हा तीन गाजलेल्या गाण्यांचा अल्बम, अमेरिकन श्रोत्यासाठी एका. अल्बमही ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत अठराव्या.

सागरवेळ

लेबल फाटलेले किंवा कव्हर बदललेले असेल तर देश कसा ओळखायचा? जुन्या बाजारात तबकडी एका कव्हरात आणि कव्हर दुसऱ्याच रेकॉर्डचे असे बरेचदा मिळते.

तेहतीस_एकतृतीयांश

कव्हर बाजूला ठेवा, तबकडी वाचा.

पहिली खूण लेबलवर छापलेले हक्कसंस्थेचे नाव. गेमा असेल तर जर्मनी, स्टेमरा असेल तर नेदरलँड्स, एसआयएई इटली, सासेम फ्रान्स, जॅसरॅक जपान, आस्कॅप किंवा बीएमआय अमेरिका. ही अक्षरे छोट्या चौकटीत किंवा गाण्याच्या नावापुढे असतात. एक सावधगिरी: एका देशात छापून शेजारच्या देशात विकायच्या प्रतींवर दोन संस्थांची नावे एकत्र असतात, उदाहरणार्थ गेमा आणि स्टेमरा. तिथे नुसत्या या खुणेवर निकाल देऊ नये.

दुसरी खूण जास्त भरवशाची. शेवटचे गाणे संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा राहतो, तिथे कोरलेले क्रमांक. त्यात साधारणपणे कॅटलॉग क्रमांक, बाजू, आणि कितव्यांदा कोरले त्याचा आकडा असतो. अमेरिकन प्रतींवर हे बहुधा हाताने खरवडलेले, वाकडेतिकडे. ब्रिटिश प्रतींवर बहुधा यंत्राने ठोकलेले, एकसारख्या अक्षरांत. इटालियन तबकड्यांवर तर पुष्कळदा कोरल्याची तारीखच असते, दिवस-महिना-वर्ष. तेवढी एक ओळ मिळाली की वाद संपतो.

स्पॅनिश प्रत असेल तर कव्हर किंवा लेबलवर 'देपोसितो लेगाल' शोधा. पुढे शहराचे अक्षर (माद्रिदला एम, बार्सिलोनाला बी), मग क्रमांक, मग साल. कायद्याने ते छापावेच लागत असे.

जपानी प्रत ओळखायला काही लागत नाही. कव्हरवर उभी कागदी पट्टी, म्हणजे ओबी, आत गीतांचा कागद, आणि येनमधली किंमत, त्या वर्षांत बहुतेक २,५००. पट्टी हरवली की किंमत बरीच उतरते. आवाजात अर्थातच काही फरक पडत नाही.

मंद्र

क्रमांक वाचायची पद्धत: मोबाइलचा दिवा तबकडीच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायचा, वरून नाही. तिरप्या उजेडात ओरखडे उठून दिसतात. तबकडी हळूहळू फिरवायची, दिवा स्थिर ठेवायचा. फोटो काढायचा असेल तर पट्ट्याचे चार तुकडे करून चार फोटो. एका फोटोत पूर्ण वर्तुळ नीट येत नाही.

अनघा_द

आता मुख्य प्रश्न. आवाज कोणत्या देशाच्या प्रतीचा चांगला? ध्वनिमुद्रण म्युनिकचे, म्हणजे मूळ टेप जर्मनीत. मग जर्मन प्रतच सर्वांत चांगली असे म्हणता येईल ना?

खोबण

तर्क बरोबर दिशेने आहे, पण तेवढ्यावर निर्णय होत नाही.

टेपचा प्रवास पाहा. स्टुडिओतल्या मुख्य टेपवरून प्रती काढून परदेशी कंपन्यांना पाठवल्या जायच्या. प्रतीची प्रत होताना दर वेळी थोडी सरसर वाढते, वरचे स्वर किंचित बोथट होतात. इथपर्यंत जवळच्या देशाचा फायदा. पण त्यानंतर त्या देशातला अभियंता टेप वाजवून लाखेच्या तबकडीवर नव्याने खोबण कोरतो. किती जोरात कोरायचे, खर्ज किती ठेवायचा, खोबणींत अंतर किती सोडायचे हे सगळे त्याच्या हातात. मग लाखेच्या तबकडीवरून धातूचा साचा, त्यावरून 'मदर', तिच्यावरून छापायचे स्टँपर. एक स्टँपर साधारण हजारभर तबकड्यांनंतर झिजतो. म्हणून पहिल्या पिढीची टेप वापरूनही झिजलेल्या स्टँपरची प्रत खरखरीत लागू शकते, आणि दुसऱ्या पिढीच्या टेपवरून जाणत्या हाताने कोरलेली प्रत सुरेख लागू शकते. 'अमुक देश चांगला' असा सरसकट नियम मला मान्य नाही. समोरची तबकडी पाहून ठरवावे.

तेहतीस_एकतृतीयांश

आणि या अल्बममध्ये काय पाहायचे ते नेमके सांगता येते, कारण दुखरी जागा एकच आहे: दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे.

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, कडेलाही आणि लेबलजवळही. पण कडेचा फेरा मोठा असल्याने तिथे सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंमी खोबण सरकते. अगदी आत ती २१ सेंमीच्या आसपास येते. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबावा लागतो. परिणामी वरचे स्वर चुरचुरतात, 'स' आणि 'श' फाटतात. 'आय फील लव्ह'मध्ये गळा उंच, झांजेचा आवाज सतत, आणि खाली मूग कंपनीच्या सिंथेसायझरचा (विजेवर सूर तयार करणाऱ्या वाद्याचा) न थांबणारा खर्ज. आतल्या खोबणीला सर्वांत जड जाणारे हे मिश्रण, आणि ते नेमके आतल्या टोकाला.

दिलासा असा की दुसरी बाजू साडेअठरा मिनिटांच्या आसपास आहे, म्हणजे फार लांब नाही. अभियंत्याने खोबणी थोड्या जवळ घेतल्या आणि पातळी बेताची ठेवली तर गाणे लेबलच्या बरेच अलीकडे संपवता येते. ज्याने जोरात कोरले त्याच्या खोबणी रुंद होतात आणि गाणे लेबलला भिडते. म्हणून विक्रेत्याकडून दुसऱ्या बाजूचा समोरून काढलेला फोटो मागा आणि गुळगुळीत काळा पट्टा मोजा. दोन प्रतींत निवड असेल तर रुंद पट्ट्याची घ्या. अरुंद पट्ट्याची प्रत आवाजाला मोठी लागेल, ऐन शेवटी मात्र जास्त फाटेल.

मंद्र

पूर्ण सहमत. ऐकणाऱ्याच्या बाजूने जे करता येते ते असे. गोल टोकाची सुई असेल तर आतल्या खोबणीत ती बारीक वळणे धरत नाही. लंबगोल टोकाची बसवा, जमल्यास त्याहून धारदार. काट्रिजची (सुई धरणाऱ्या भागाची) सरळ रेषा जुळणीच्या तक्त्यावर तपासा, विशेषतः आतल्या बिंदूवर. सुईचा भार काट्रिजच्या कागदावर दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अंगाला ठेवा. मर्यादा १.५ ते २ ग्रॅम असेल तर १.८ च्या पुढे. हलका भार तबकडीला जपतो हा समज घातक आहे. हलकी सुई खोबणीत उसळते, भिंतींवर आपटते, आणि ते नुकसान कायमचे.

आधीच्या मालकाने असे वाजवले असेल तर 'आय फील लव्ह'चा शेवट उत्तम सुईनेही फाटकाच लागणार. त्यामुळे रेकॉर्ड विकत घेताना पहिले गाणे ऐकून समाधान मानू नये. सुई थेट शेवटच्या गाण्याच्या अखेरच्या मिनिटावर ठेवायला सांगावी.

सागरवेळ

हे गाणे किती लांबीचे खरे? कुठे पावणेचार मिनिटे, कुठे सहा, कुठे आठ मिनिटांच्या वर दिसते.

खोबण

तिन्ही खरे. अल्बमवर ५:५३. रेडिओसाठीच्या सात इंची सिंगलवर कापून सुमारे ३:४५. बारा इंची सिंगलवर ८:१५. शिवाय संगीत-निर्माते पॅट्रिक काउली यांनी केलेले पावणेसोळा मिनिटांचे रूप आहे. ते आधी अनधिकृतपणे डीजे लोकांत फिरत होते, १९८२ मध्ये अधिकृतपणे निघाले.

ज्यांना अल्बमपेक्षा हे गाणेच हवे आहे त्यांनी बारा इंची प्रत घ्यावी. एका पूर्ण बाजूवर आठ मिनिटे म्हणजे खोबणींना ऐसपैस जागा, आणि गाणे आतल्या टोकाला जायची गरजच नाही. वर सांगितलेली सगळी दुखणी तिथे नाहीत. संग्रह-सीडी किंवा डिजिटल आवृत्ती घेताना नावावर जाऊ नका, वेळ पाहा. एकाच नावाखाली यांतले कोणतेही रूप असते.

अनघा_द

स्टिरिओबद्दलही सांगा ना. या गाण्यात डावी-उजवी बाजू वेगळी आहे असे वाचले आहे.

मंद्र

हो, आणि आपली जोडणी तपासायला ते उपयोगी पडते. मूग मॉड्युलरवर वाजवलेली खर्जाची ओळ एका बाजूला, आणि तीच किंचित उशिराने दुसऱ्या बाजूला अशी रचना आहे. मूळ डावीकडे, प्रतिध्वनी उजवीकडे. दोन्ही मिळून ती दुप्पट वेगाची धावती ओळ तयार होते. बॅलन्सचा खटका पूर्ण डावीकडे फिरवा: ओळ अर्ध्या घनतेची, ठोक्यावर पडणारी. पूर्ण उजवीकडे: तीच ओळ ठोक्यांच्या मधल्या जागेत. दोन्हीकडे सारखेच ऐकू आले तर ॲम्प्लिफायर मोनोवर आहे. उलटे आले तर तारा अदलाबदल झाल्या आहेत.

आणखी एक. गाण्यातला बास ड्रम मात्र यंत्राचा नाही, कीथ फोर्सी यांनी स्वतः पायाने वाजवलेला आहे. सिंथेसायझरमधून पुरेसा घट्ट ठोका निघत नव्हता. बाकी जवळपास सगळे त्या यंत्रातून, आणि यंत्राचा सूर थोड्या वेळात ढळायचा म्हणून छोट्या-छोट्या तुकड्यांत मुद्रित केलेले. १९७७ मध्ये हाताशी होते तेवढ्यात लोकांनी काय उभे केले, हे कळल्यावर गाण्याबद्दलचा आदर वाढतोच.

सागरवेळ

अमेरिकन प्रतींच्या कव्हरचा कोपरा कापलेला असतो किंवा कडेला करवतीची खाच असते. ते सदोष माल म्हणून का?

तेहतीस_एकतृतीयांश

नाही. तो उरलेला माल. दुकानांनी परत केलेल्या किंवा गोदामात राहिलेल्या प्रती कंपनी स्वस्तात काढून टाकायची, आणि त्या पुन्हा पूर्ण किमतीच्या परताव्यासाठी येऊ नयेत म्हणून कोपरा कापायचा, खाच पाडायची किंवा भोक पाडायचे. कॅसाब्लँका मागणीपेक्षा जास्त माल दुकानांत पाठवण्याबद्दल प्रसिद्ध होती, त्यामुळे त्यांच्या अशा प्रती मुबलक. आतली तबकडी पुष्कळदा कमी वाजलेली, कधी कधी न वाजलेलीच असते. कव्हरचा हट्ट नसेल तर कमी पैशांत चांगला आवाज मिळवायचा हा उत्तम मार्ग. फक्त खाच खोल असेल तर तबकडीची कड तपासा. करवत कधी कधी आतपर्यंत गेलेली असते.

मध्यमवाडी

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी. विक्रेत्याला तीन गोष्टी लिहून कळवा. तबकडी कव्हरातून बाहेर काढून, आतल्या पिशवीसह कव्हरामागे ठेवावी. नाहीतर वाटेत आपटून ती कव्हराची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा, दोन पुठ्ठ्यांच्या आतल्या रेषा एकमेकींना आडव्या. आणि खोक्यावर खरी किंमत. कमी लिहिली तर सीमाशुल्कात पार्सल अडकते आणि गहाळ झाल्यास भरपाईही कमी मिळते. शुल्क लागणार हे धरूनच हिशेब करा. एका एलपीसाठी टपालखर्च बरेचदा रेकॉर्डपेक्षा जास्त होतो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून तीन-चार एकत्र घेणे परवडते.

दर्जाच्या खुणांत 'व्हीजी' (व्हेरी गुड) चा अर्थ 'खूप चांगली' असा धरू नका. त्या प्रतीवर ओरखडे असतात आणि ऐकूही येतात. निदान 'व्हीजी प्लस' मागा.

आल्यावर लगेच वाजवू नका. आपल्याकडे, विशेषतः कोकणपट्टीत, साठवणीचा मुख्य शत्रू दमट हवा आणि उष्णता. पीव्हीसीची जाड चकचकीत पिशवी असेल तर आधी फेकून द्या. उन्हाळ्यात तिच्यातला मऊपणा आणणारा द्रव सुटतो आणि तबकडीवर दुधी डाग पडतो, जो धुऊन जात नाही. पॉलिप्रॉपिलिनची पातळ पिशवी वापरा. रेकॉर्ड उभ्या, सरळ, भिंतीला न टेकवता.

अनघा_द

या आवाजाचा आपल्याकडचा धागा संगीतकार बिड्डू आणि गायिका नाझिया हसन यांच्याकडे जातो ना? 'कुर्बानी'तले 'आप जैसा कोई' १९८० चे, 'डिस्को दीवाने' १९८१ चा.

खोबण

जातो. बिड्डू मूळचे बंगळूरचे, पण काम लंडनमध्ये, आणि ब्रिटिश डिस्कोत १९७४ पासून नाव असलेले. 'कुर्बानी'चे बाकीचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे, हे एक गाणे बिड्डूंचे. 'डिस्को दीवाने'च्या भारतातल्या आणि पाकिस्तानातल्या प्रती हा मोठा विषय आहे. त्याला स्वतंत्र धागा हवा. तुम्हीच काढा, आम्ही येतो.

सागरवेळ

शेवटचा प्रश्न. पहिलीच प्रत घ्यायची आहे, बजेट बेताचे. काय घ्यावे?

तेहतीस_एकतृतीयांश

ब्रिटिश जीटीओ. अल्बम तिथे भरपूर खपला असल्याने प्रती सहज मिळतात. दुसऱ्या बाजूचा फोटो, काळ्या पट्ट्याची रुंदी आणि 'व्हीजी प्लस' एवढे पाहा. तसे न जमल्यास कोपरा कापलेली अमेरिकन. जपानी प्रत नंतर, ओबीसकट मिळाली तरच. आणि 'आय फील लव्ह'ची बारा इंची प्रत वेगळी घ्या.

मध्यमवाडी

जीटीओची घेताना आतला कागद मूळ असेल तर सांभाळा, पण तबकडी त्यात ठेवू नका. जुना कागद खरबरीत असतो. नव्या मऊ पिशवीत तबकडी, आणि कागद सपाट करून कव्हरात मागे.